सब्ख्याकडची ओळ

नाजीने इथे राहायचं की बायकोमुलींना घेऊन समुद्रापलीकडे मार्सेयला परत जायचं, हे त्या शुक्रवारी ठरायचं होतं. ठरवणार होते बाबा. आणि बाबा सकाळपासून मला पुन्हा पुन्हा विचारत होते, जोहरा, आज वार कोणता. जुम्म्याची नमाज पढून आले, टोपी खुंटीला लावली, तरी विचारलंच. बाकीच्यांची डोकी तरी कुठे ठिकाणावर होती म्हणा.

माझं सासर तीन गल्ल्या पलीकडे. नवरा म्हणतो, तू इकडे फक्त झोपायला येतेस. म्हणू दे. दोन भावांचं जेव्हा पटत नाही तेव्हा मधल्या बहिणीला माहेर सुटत नाही, हे त्याला एकुलत्या एकाला काय कळणार. धाऊ माझ्याहून मोठा, नाजी धाकटा. लहानपणी मी दोघांच्या मध्ये निजायचे, कारण नाहीतर ते झोपेतसुद्धा लाथा मारायचे एकमेकांना.

भांडणाचं मूळ म्हणजे खालची बाग. तिच्या शेवटाला सब्खा सुरू होतो, मिठाची ती पांढरी सपाटी, जिच्यावर गवताची काडी उगवत नाही. ही बाग वीस वर्षं धाऊने कसली, तीही पाण्याचा थेंब न देता. आमच्याकडे जैतुनाला पाणी देतच नाहीत. झाडं लांब लांब लावायची, जमीन नांगरून मोकळी ठेवायची, तण दिसलं की उपटायचं, आणि आभाळाकडे बघायचं. धाऊचं सगळं तारुण्य त्या नांगरटीत गेलं. मग नाजी मार्सेयहून परत आला, भिंती रंगवून रंगवून खांदे दुखायला लागलेत म्हणाला, आणि बाबांनी एका दुपारी चहा पिता पिता खालची बाग त्याला देऊन टाकली. धाऊला विचारलं नाही. धाऊने चहाचा पेला खाली ठेवला आणि उठून गेला. तो पेला तेव्हापासून खालीच आहे असं समजा.

नाजीने बोअर मारली. पाणी लागलं, पण तोंडात धरवणार नाही असं खारट. धाऊ म्हणाला, झाडं जाळशील. नाजी म्हणाला, जैतून सोसतं, लोक देतात, मी पाहिलंय. त्याने उंचावर हौद बांधला, ठिबकच्या नळ्या टाकल्या, प्रत्येक ओळीला वेगळा कॉक बसवला, आणि काय सांगू, झाडं जळणं दूरच, नुसती तरारली. तीन उन्हाळे ती खारं पाणी प्यायली आणि फळ असं धरलं की फांद्यांना टेकू द्यावे लागले. जिथे ओल संपायची तिथे जमिनीवर मिठाचं पांढरं कडं उमटायचं, प्रत्येक झाडाभोवती एकेक. नाजी म्हणायचा, माझ्या झाडांनी बांगड्या भरल्यात. धाऊ तिथून जाताना मान फिरवायचा.

आणि या वर्षी, सप्टेंबर संपता संपता, पाऊस आला. धो धो नाही, नुसती भुरभुर, पण रोज. नाजी तेव्हा मुलींच्या शाळेच्या कागदांसाठी मार्सेयला गेला होता. तिथून फोन करून त्याने सांगितलं की सगळे कॉक बंद करा, पण त्याच्या फोनआधीच उम्मी बागेत पोचली होती. आमच्या आईचं असंच. वरून रहमत पडत असताना खाली बोअरचं खारं पाणी चालू ठेवायचं, म्हणजे पाहुण्याने पक्वान्न आणावं आणि आपण त्याच्यासमोर शिळा तुकडा चघळत बसावं, असं तिला वाटतं. एकेक कॉक तिने स्वतःच्या हाताने फिरवला. सब्ख्याकडची शेवटची ओळ फार लांब पडत होती, तिचे गुडघे दुखत होते, तेव्हा धाऊ म्हणाला, तो मी बघतो. पाऊस थांबल्यावर पाहिलं तर मिठाची कडी गायब. सगळं मीठ धुऊन गेलं म्हणून उम्मीने खजूर भरलेले गोड मकरूद तळले आणि गल्लीभर वाटले. मीही दोन जास्तीचे खाल्ले.

त्यानंतर काही आठवड्यांत बाग जळायला लागली. आधी पानांची टोकं तपकिरी झाली, मग पानं गळाली, मग फळं सुरकुतून खाली. जिने तीन वर्षं खारं पाणी पचवलं ती बाग आभाळाचं गोड पाणी पिऊन जळाली. याचा अर्थ कुणी लावायचा? आणि याहून डोकं फिरवणारी गोष्ट म्हणजे शेवटची ओळ, अगदी सब्ख्याला लागून असलेली, जी सगळ्यात आधी मरायला हवी होती, ती हिरवीगार उभी होती. फळांनी लगडलेली. मी डोळ्यांनी पाहिली नसती तर विश्वास ठेवला नसता.

तर असा हा शुक्रवार. कुसकुसचं मोठं ताट मध्ये, वर मासा, भोपळा आणि हरभरे, आणि भोवती आम्ही सगळे. धाऊ आणि नाजी समोरासमोर बसले होते. दोघंही आपापल्या बाजूने असे खात होते की मध्ये जणू कुंपण आहे. इनेसच्या भावाने मार्सेयहून सोमवारच्या बोटीची तिकिटं काढून पाठवली होती आणि बॅगा भरून दाराशी उभ्या होत्या. त्या बॅगांकडे कुणी बघत नव्हतं, आणि म्हणूनच सगळ्यांना दिसत होत्या.

इनेस म्हणजे नाजीची बायको. तिकडेच जन्मली, तिकडेच वाढली. तिला परत जायची घाई झालीय असं मबरूका वहिनीने गल्लीभर सांगून ठेवलं होतं. इनेसच्या मनात काय होतं ते मला तिने नंतर, भांडी घासताना सांगितलं. त्या वेळी ती ताटाकडे बघत बसली होती आणि तिच्या डोक्यात एकच विचार घोळत होता, की धाऊने हौदात काहीतरी टाकलंय. डिझेल, नाहीतर तणनाशक. बोलायची हिंमत नव्हती. सासरा समोर होता.

मबरूका वहिनीला मात्र हिंमत कधी कमी पडली नाही. ती धाऊची बायको, आणि तिचं म्हणणं सरळ होतं की नजर लागली. इनेसने झाडांचे फोटो काढून सगळ्या मार्सेयला पाठवले, एवढ्या लोकांनी एवढ्या फळांकडे बघितलं, मग काय होणार. शेवटच्या ओळीचा फोटो काढायला सब्ख्याकडे चालत जावं लागतं, तेवढे कष्ट इनेसने घेतले नाहीत, म्हणून ती ओळ वाचली. हे तिने इतक्या शांतपणे सांगितलं की क्षणभर मलाही पटलं. खोटं कशाला बोलू, दुसरं काही पटण्यासारखं नव्हतंच.

धाऊ म्हणाला, नजर वगैरे काही नाही, मीठ ते मीठच, आज ना उद्या जाळणारच होतं. त्यावर नाजी म्हणाला की मग शेवटची ओळ का नाही जळाली. धाऊ भोपळ्याची फोड बोटाने कुस्करत बसला. मग नाजी स्वतःच म्हणाला की पण बाकीची का जळाली तेही मला माहीत नाही. मी आजवर पुष्कळ भांडणं पाहिली, पण दोन्ही बाजूंना मुद्दाच सापडत नाही असं भांडण हेच पहिलं.

बाबांनी हात धुतले. सगळ्यांना कळलं की आता ते बोलणार. ते म्हणाले, आपल्याला काही समजत नसेल तर पूर्वी जसं होतं तसं करावं. बोअरमध्ये दगड टाकून ती बुजवायची. खालची बाग धाऊ पुन्हा नांगरेल, जेवढी वाचेल तेवढी वाचेल. नाजीचं नाव त्यांनी घेतलं नाही. घ्यायची गरजच काय होती? बोअर गेली की नाजीला इथे काम उरत नव्हतं. नाजीने मान हलवली. उम्मीने पदराआड तोंड लपवलं आणि तिचे खांदे हलायला लागले.

मग बाबा, जणू स्वतःशीच, म्हणाले, "एक मात्र मला कळत नाही. त्या ओळीला वेगळं असं काय मिळालं?"

नाजी म्हणाला की काहीच नाही. तीच बोअर, तोच हौद, त्याच नळ्या. फक्त तिचा कॉक मोडका होता. मार्सेयहून आल्यावर पाहिलं तर दांडा तुटलेला, मिठाने गंजला असेल म्हणून नवा बसवला. आमच्याकडे मिठाने काय गंजत नाही, दाराच्या कड्या गंजतात, चुलीचे पाय गंजतात. कुणी लक्ष दिलं नाही.

लक्ष दिलं ते उम्मीने. डोळे पुसत ती म्हणाली, "मोडका कसा असेल? पावसात धाऊने तो बंद केला होता की."

आता धाऊचं ऐका. हे त्याने मला पुढे कधीतरी सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता. ऑगस्टमध्ये, दुपारी सगळे झोपले असताना, त्याने दगड घालून तो दांडा तोडला होता. कॉक उघडा असताना, म्हणजे तो पुन्हा बंदच होऊ नये. पाणी वाहत राहावं, हौद रिकामा व्हावा, मोटर जळावी, नाजी वैतागावा, बस. पुढे पाऊस आला तेव्हा उम्मीला म्हणाला तो मी बघतो, कारण दुसरं कुणी गेलं असतं तर चोरी उघडी पडली असती. म्हणजे बाकीच्या बागेत नुसता पाऊस होता आणि त्या एका ओळीत, वरून पाऊस आणि खालून खारं पाणी, दोन्ही चालू होतं. ती ओळ बुडून मरेल असं त्याला वाटलं होतं. ती हिरवी राहिली. आठवडेच्या आठवडे हा माणूस त्या ओळीपाशी जाऊन उभा राहायचा आणि काही न कळून परत यायचा. मबरूका वहिनीला वाटायचं बाहेर कुठे काही भानगड आहे.

आणि आता उम्मी त्याच्याकडे बघत होती. त्याने नुसतं हो म्हणायचं होतं. हो, बंद केला होता, दांडा नंतर तुटला असेल. मग शेवटच्या ओळीत आणि बाकीच्या बागेत काहीच फरक उरत नव्हता, बोअर बुजणार होती, नाजी सोमवारी बोटीत बसणार होता. तीन वर्षं त्याला जे हवं होतं ते एका शब्दावर आलं होतं.

"बंद नव्हता केला," धाऊ म्हणाला.

"मग मला का सांगितलंस केला म्हणून?"

"बंद होण्यासारखा नव्हता तो. मीच मोडला होता."

नाजीने घास ताटात परत ठेवला. मबरूका वहिनी नवऱ्याकडे अशी बघत राहिली की जणू हा कोण पाहुणा येऊन बसलाय. मला खरंतर धाऊच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि त्याच वेळी त्याच्याजवळ जाऊन बसावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही.

पहिली बोलली ती इनेस, आणि तिने मोडण्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. तिने विचारलं, "म्हणजे पाऊस पडत होता तेव्हा फक्त तिथेच पाणी चालू होतं?"

बाबा उठले. कुदळ घे, एवढंच नाजीला म्हणाले आणि चालायला लागले. जेवण तसंच टाकून आम्ही सगळे त्यांच्या मागे. एकीचा हात खरकटा, एकाच्या पायात दुसऱ्याच्या चपला, अशी ती वरात. वाटेत शेजारची बाई विचारत होती काय झालं, आणि उम्मी तिला म्हणाली, कळलं की सांगते.

पहिल्या जळालेल्या झाडाच्या बुंध्यापाशी नाजीने हातभर खणलं. बाबांनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकले. नाजीनेही चाखली. मीही चाखली, खारट कसली, जीभ आखडली. मग शेवटच्या ओळीपाशी गेलो. तिथे बुंध्याजवळची माती चाखली तर खारी होती, पण सोसवेल इतपत, बोअरच्या पाण्यासारखीच. मबरूका वहिनी म्हणाली हिची तर जास्तच खारट आहे, पाहतो तर बाई पार बाहेर, पांढऱ्या कड्यावर बसून माती चाखत होत्या. तिथे मीठ असणारच. कडं होतं ना तिथे. बाकीच्या बागेत कुठेच उरलं नव्हतं ते कडं, इथे मात्र जसंच्या तसं होतं.

नाजी उकिडवा बसला. त्या कड्याकडे बघत राहिला, मग झाडाच्या बुंध्याकडे, मग पुन्हा कड्याकडे.

"ते धुऊन गेलं नव्हतं," तो म्हणाला. "आत गेलं होतं."

त्याने अडखळत अडखळत सांगितलं आणि आम्ही अडखळत अडखळत समजून घेतलं. ठिबकचं पाणी मधून बाहेर सरकतं, म्हणून मीठ बाहेर ढकललं जातं आणि कड्यावर जमतं. मुळं आत सुखरूप. भुरभुर पावसाला ते मीठ खोल न्यायची ताकद नव्हती, पण विरघळवून मुळांपर्यंत पोचवायला तेवढा पाऊस पुरला. आतून बाहेर ढकलणारं पाणी आम्ही बंद केलेलं, मिठाला अडवायला कुणी नव्हतं. तीन वर्षांचं साठलेलं सगळं मीठ झाडांना एकदम पाजलं गेलं. या ओळीत मात्र पाणी चालू होतं, त्याने ते बाहेरच रेटून धरलं.

"म्हणजे मी बंद केलं म्हणून जळाली?" उम्मीने विचारलं. आपल्या तळहातांकडे बघत विचारलं. "मी तर चांगलंच केलं होतं."

"सगळ्यांनीच केलं असतं, उम्मी. मीही फोनवर तेच सांगितलं."

"आणि ज्याने वाईट केलं त्याची ओळ वाचली?"

बाबा मिठाच्या सपाटीकडे वळले. मग म्हणाले, म्हणजे रहमत पडत असताना खारं पाणी चालू ठेवायचं, असं म्हणता तुम्ही? आम्ही काहीच म्हणत नव्हतो. शेवटी त्यांनीच निकाल दिला, पण तोही विचारल्यासारखा. बोअर राहील. जळालेल्या झाडांना आता भरपूर पाणी सोडून मीठ खाली ढकलायचं, फुटतील तेवढी फुटतील. पुढच्या पावसात कुणी कॉकला हात लावायचा नाही. एवढं बोलून त्यांनी उम्मीचा हात धरला आणि तिला हळूहळू घराकडे घेऊन गेले. धाऊने जे केलं त्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. याचा अर्थ माफ केलं की कधीच नाही करणार, हे आमच्या घरात अजून कुणाला ठरवता आलेलं नाही.

मबरूका वहिनी आणि इनेसही गेल्या, आणि गंमत म्हणजे बरोबर गेल्या. वहिनी इनेसचा हात धरून खालच्या आवाजात काहीतरी विचारत होती. आपल्या नवऱ्याची बाजू घ्यायची की धाकट्या जावेची, हे तिला त्या चालण्यात ठरवायचं असावं.

राहिलो आम्ही तिघं. नाजी कुदळीवर रेलून उभा होता. धाऊ जरा लांब, एका फांदीशी खेळ करत. मी मध्ये.

"कॉक का मोडलास, दादा?" नाजीने विचारलं.

"तू जावंस म्हणून."

इतकं सरळ उत्तर येईल असं नाजीला वाटलं नसावं. त्याचा चेहरा पडला. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली, मी बोलणार होते, पण नाजीने हात वर करून मला थांबवलं.

"मग आज संधी होती की. बंद केला होता म्हणाला असतास तर गेलोच असतो. बॅगासुद्धा भरल्यात."

"तेच म्हणणार होतो."

"मग?"

धाऊला इतका गोंधळलेला मी कधी पाहिला नव्हता, लग्नाच्या दिवशीसुद्धा नाही. शेवटी म्हणाला, "काय माहीत. ती झाडं मेली असती ना रे. का ते कळत नव्हतं, पण पाणी चालू राहिलं म्हणूनच ही ओळ वाचली, एवढं वाटत होतं. पुढच्या पावसात तू नसतास, बोअर नसती, ही ओळही गेली असती. वीस वर्षं मी ती जगवली. तुझ्याबाबतीत खोटं बोलायला जमलं असतं. त्यांच्याबाबतीत जमलं नाही."

"म्हणजे माझ्यासाठी नाही बोललास."

"नाही."

नाजीने कुदळ खांद्यावर टाकली. दोन पावलं गेला, थांबला. डोळे भरले होते त्याचे, आणि रागही होता, दोन्ही एकदम. धाऊने विचारलं, "राहतोयस का?"

"राहतोय. झाडांसाठी. तुझ्यासाठी नाही."

"मीही त्यांच्यासाठीच विचारलं," धाऊ म्हणाला.

मला रडू फुटलं. दोघंही माझ्याकडे वळून, अगदी एका आवाजात, विचारायला लागले की तुला काय झालं. मला सांगता येईना. तेव्हा नाजी म्हणाला, दादा, तू धर तिला, माझ्या हातात कुदळ आहे. आणि धाऊने धरलं.